लॅन टेस्टर हातात घेतल्यावर नेमकं काय आणि कसं तपासायचं

नेट बंद पडलं की बहुतेक घरांत आधी राउटर बंद-चालू करतात आणि त्याने नाही भागलं की कोणीतरी येऊन सांगतं, "काका केबल गेलीय, नवीन टाकावी लागेल". आता मुंबईत नवीन केबल टाकणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, मीटर रूमपासून डक्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत, नाहीतर गच्चीवरून बी विंगमधून ए विंगला, परत भिंतीला भोकं, पट्ट्या, सोसायटीची परवानगी, आणि हे सगळं करून कळतं की केबल चांगलीच होती, फक्त एका टोकाचा कनेक्टर गेला होता. मला हे बघवत नाही खरंच. काही शे रुपयांत मिळणारा लॅन टेस्टर, म्हणजे नेटच्या केबलमधल्या आठ तारा सलग आहेत का ते बघायचं यंत्र, आणि पाच-दहा मिनिटं एवढ्यात हे आधीच कळू शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घरात वापरायचा असो, छोट्या ऑफिसात किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीसाठी, पद्धत तीच आहे.

कुठला टेस्टर घ्यायचा

साधा टेस्टर म्हणजे दोन तुकडे, एक मोठा मास्टर आणि एक छोटा रिमोट, दोन्हीवर १ ते ८ असे एलईडी आणि शेवटी एक जी, तो शील्ड असलेल्या केबलसाठी. साध्या, शील्ड नसलेल्या यूटीपी केबलवर जी लागत नाही, त्याने घाबरायचं नाही. मास्टर एकेका तारेवर पाळीपाळीने करंट सोडतो आणि रिमोटवर तोच नंबर लागला की ती तार सलग आहे एवढं कळतं. बस, एवढंच कळतं, आणि हे "एवढंच" नीट डोक्यात ठेवा कारण पुढे सगळा घोळ त्याच्यावरच होतो.

त्याच्या वरचा म्हणजे स्क्रीनवाला, जो केबलची लांबी आणि तार किती मीटरवर तुटलीय ते सांगतो, सोबत बऱ्याचदा टोनर आणि प्रोब (एक केबलमध्ये टोन सोडतो, दुसरा तो ऐकवतो) पण येतो, हा काही हजारांत जातो. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा काम पडतं त्याने हाच घ्यावा असं माझं मत. त्याच्याही वरची सर्टिफिकेशनची मशिनं लाखांत असतात, ती मोठ्या ऑफिसची कामं घेणाऱ्यांसाठी, आपला विषय नाही.

लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनकडून चालत गेलात की दुकानांत हे सगळे मिळतात. घेताना एक करा, घरून चालू असलेली छोटी पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली केबल) घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा, सगळे एलईडी सारखे उजळ लागतात का, जॅकमध्ये प्लग टक आवाज करून बसतो का, हलवला की लाइट जाते का. जॅक ढिला असेल तर तो टेस्टर घेऊच नका, तो तुम्हाला कायम खोटं सांगणार.

लावायच्या आधी

पहिली गोष्ट, दोन्ही टोकं मोकळी करा. म्हणजे राउटरमधूनही काढा आणि पलीकडे स्विच (एका लाइनवर अनेक उपकरणं जोडायचा डबा), कॅमेरा, टीव्ही जे काय असेल त्यातूनही. एक टोक स्विचमध्ये ठेवून टेस्टर लावला की रीडिंगला काही अर्थ राहत नाही आणि वर टेस्टर जायची भीती. पीओईवाले, म्हणजे याच केबलमधून वीज घेणारे कॅमेरे किंवा वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर जास्तच सांभाळा. स्टँडर्ड पीओई स्विच आधी पलीकडे पीओईचं उपकरण आहे का ते ओळखतो आणि मगच ४४ ते ५७ व्होल्ट सोडतो, पण पॅसिव्ह इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा साधा अडॅप्टर) असलं काही बघत नाही, तो सरळ करंट सोडून देतो, त्यात साधा टेस्टर लावला की जळू शकतो. म्हणून आधी इंजेक्टरचा प्लग भिंतीतून काढायचा, मग पुढचं.

दुसरं, टेस्टरलाच टेस्ट करा. खात्रीची पॅच कॉर्ड मास्टर आणि रिमोटमध्ये लावून १ ते ८ ओळीने येतात ना ते बघा. लाइट मंद वाटली तर बॅटरी बदला, उतरलेल्या बॅटरीवर लांब केबल तपासली की चांगली तार पण तुटलेली दिसते. रोज वापरणाऱ्यांनी हे तर कराच, कारण आरजे४५, म्हणजे लॅन केबलचा नेहमीचा जॅक साधारण ७५० वेळा काढ-घाल होईल अशा हिशोबाने बनवलेला असतो आणि फील्डवर तो आकडा कधी पार होतो कळत पण नाही.

आणि टेलिफोनचा छोटा आरजे११ प्लग मोठ्या जॅकमध्ये कोंबू नका, तो आत जातो खरा पण कडेच्या १ आणि ८ नंबरच्या पिना दाबून ठेवतो, मग पुढे प्रत्येक केबल त्या दोन नंबरांना फेल दिसत राहते.

लाइट वाचायच्या कशा

मास्टर एका टोकाला, रिमोट दुसऱ्या टोकाला, आणि टेस्टरवरचं बटण स्लोवर ठेवा, म्हणजे एस. फास्टवर लाइट पळतात आणि चुकीचा क्रम डोळ्यातून निसटतो. शक्य असेल तर रिमोटजवळ कोणीतरी उभं करा आणि फोनवर नंबर मोठ्याने बोलायला सांगा, खाली मीटर रूममध्ये वॉचमन काकांना उभं केलं तरी चालतं, फक्त त्यांना आधी एकदा दाखवून ठेवा की कोणती लाइट म्हणजे कोणता नंबर.

दोन्हीकडे १ ते ८ ओळीने लागले तर सरळ जोडणी. एखादा नंबर, समजा ३, दोन्हीकडे लागतच नाही तर ती तार कुठेतरी तुटलीय किंवा कनेक्टरमध्ये पिन तारेपर्यंत पोचलीच नाही. मास्टरवर १-२-३-४ आणि रिमोटवर १-४-३-२ आलं तर २ आणि ४ ची अदलाबदल झालीय. मास्टरवर सगळे लागतात पण रिमोटवर दोन नंबर लागतच नाहीत किंवा एकदम मंद लागतात, तर त्या दोन तारा आपसात शॉर्ट आहेत. आणि एकही लाइट नाही म्हणजे आठही तारा गेल्यात असं लगेच धरू नका, एका तारेचा करंट परत यायला दुसरी तार लागते, त्यामुळे दोनपेक्षा कमी तारा शाबूत असल्या तरी सगळं अंधार दिसतं, शिवाय तुम्ही भलत्याच केबलच्या टोकाला रिमोट लावलाय असंही असू शकतं. बिल्डिंगच्या डक्टमध्ये वीस सारख्या करड्या केबली असतात तिथे हेच जास्त वेळा निघतं.

एक जुना प्रकार म्हणजे क्रॉस केबल, १ ची जागा ३ ला आणि २ ची ६ ला. पूर्वी दोन कॉम्प्युटर थेट जोडायला लागायची, आता पोर्ट स्वतःच ओळखतात, त्यामुळे अशी केबल दिसली तर ती खराब नाही, जुनी आहे.

कुठला नंबर गेलाय यावरून लक्षण पण जुळवता येतं आणि मला हा भाग सगळ्यात कामाचा वाटतो. १०० एमबीपीएसचं लिंक फक्त १, २, ३ आणि ६ वर चालतं, गिगाबिटला आठही तारा लागतात. म्हणजे १, २, ३, ६ पैकी एक गेली की लिंकच लागत नाही, पण ४, ५, ७, ८ पैकी गेली तर बऱ्याचदा नेट चालू राहतं, फक्त १०० वर येऊन. प्लॅन ३०० चा आहे आणि केबल लावून स्पीड टेस्ट केली की ९४-९५ च्या वर जातच नाही, ही तक्रार तुमची असेल तर कंपनीला फोन करायच्या आधी ४-५ आणि ७-८ बघा. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०० दिसतंय की १००० ते पण बघा, दोन्ही जुळलं की विषय संपला.

तुकडे पाडून तपासा

घरात केबल एक वाटते पण असतात तीन तुकडे. राउटरपासून भिंतीच्या आयओ बॉक्सपर्यंतची (भिंतीतला लॅनचा सॉकेट) पॅच कॉर्ड, भिंतीतली लांब केबल, आणि पलीकडची पॅच कॉर्ड. पूर्ण लाइन एकदम तपासली आणि ५ नंबर गेला असं दिसलं तर अजून काहीच ठरलेलं नाही. आधी दोन्ही पॅच कॉर्ड वेगवेगळ्या लावून बघा, त्या सतत वाकतात, खुर्चीखाली येतात, झाडू मारताना ओढल्या जातात, त्यामुळे बिघडायला पहिल्या त्याच. त्या चांगल्या निघाल्या की मग खात्रीच्या पॅच कॉर्डने आयओ ते आयओ तपासा.

तिथे फेल आलं तरी भिंत फोडायची नाही. आयओची प्लेट उघडा, मागे तार पंच केलेली (खाचेत दाबून बसवलेली) असते ती सुटलीय का, हिरवट किंवा काळपट थर आलाय का ते बघा. वरळी, माहीम, वर्सोवा असं समुद्राजवळ राहणाऱ्यांकडे खारट हवेने हे लवकर होतं. तार दोन-तीन सेंटिमीटर कापून नवीन जॅकवर पंच करा आणि परत तपासा. एका टोकाने नाही सुटलं तर दुसरं टोक. दोन्ही टोकं नवीन करूनही तोच नंबर फेल असेल तेव्हा म्हणायचं की आतली केबल गेली.

आणि हलवून बघा, प्लीज. टेस्टर चालू ठेवून कनेक्टरजवळ केबल हळू वर-खाली, डावी-उजवी वाकवा. "मधेच जातं, मधेच येतं" अशी तक्रार असलेली लाइन स्थिर ठेवून तपासली की पास होते, आणि तपासणारा "सगळं ओके आहे" म्हणून निघून जातो, मग घरातले म्हातारे आजी-आजोबा रात्री परत फोन लावत बसतात.

कनेक्टर नवीन करताना

रंगांचा क्रम दोन्हीकडे टी५६८बी ठेवा, आपल्याकडे बहुतेक तोच असतो. क्लिप खाली, सोनेरी पिना वर, केबल आपल्याकडे असा प्लग धरला की डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-ब्राउन, ब्राउन. जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही आणि बाहेरचं जॅकेट कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे क्रिंप करताना (पक्कडीने कनेक्टर दाबून बसवताना) ते दाबून धरलं जातं, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो आणि सहा महिन्यांत परत तेच.

आठ लाइट लागल्या तरी केबल वाईट असू शकते

इथे जरा थांबून वाचा. काही लोक रंगांचा क्रम लक्षात ठेवत नाहीत, नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, ब्राउन जोडी असं ओळीने लावतात आणि दोन्हीकडे सारखंच लावतात. टेस्टर लावला की १ ते ८ एकदम सुंदर ओळीने येतात. पण नेटवर्क कार्ड ३ आणि ६ ला एक जोडी समजतं, आणि इथे ३ एका पिळातली आणि ६ दुसऱ्या पिळातली झाली. जोडीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात कारण त्यांच्यावर उलटसुलट सिग्नल जातो आणि बाहेरून आलेला नॉइज, म्हणजे विजेचा गोंधळ, दोघींवर सारखा पडून कटतो, पीळच वेगळा झाला की हे कटणं बंद. छोट्या लांबीवर चालून जातं, पंचवीस-तीस मीटरवर लिंक पडतं, स्पीड गडगडतो, आणि साध्या टेस्टरला हे दिसत नाही. म्हणून लाइट पास झाल्यावर पण डोळ्यांनी दोन्ही कनेक्टरचे रंग बघायचेच, पारदर्शक असतात ते त्याचसाठी उपयोगी पडतात. स्क्रीनवाल्या काही टेस्टरमध्ये स्प्लिट पेअर म्हणून हे वेगळं दाखवतात.

दुसरी फसवणूक सीसीए केबलची. तांब्याचा पातळ मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम. स्वस्त बॉक्स म्हणून विकतात, टेस्टरवर आठही लाइट लागतात, पण रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि तार वाकवली की तुटते. तार ब्लेडने खरवडा, आत पांढरट चांदीसारखी दिसली तर सीसीए. मल्टिमीटर असेल तर आणखी पक्कं, एका टोकाला जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला ओहम मोजा. स्टँडर्डमध्ये एका तारेला १०० मीटरला ९.३८ ओहमची मर्यादा आहे, म्हणजे जाऊन-येऊन १९ च्या आत, तीस मीटरला सहाच्या आत. त्याच्या बरंच वर गेलं तर दुकानदाराशी बोला. सोसायटीच्या कॅमेऱ्यांत तर हे फार दिसतं, दिवसा चालतो आणि अंधार पडला की रीस्टार्ट होत राहतो, कारण रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी लागतात, करंट जास्त ओढला जातो आणि असल्या केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच पडतं. कॅमेरा बदलून काही होत नाही.

तिसरं लांबी. तांब्याच्या केबलवर एक सलग लाइन १०० मीटरपर्यंत, त्यात भिंतीतली ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०. चार विंगच्या सोसायटीत गच्चीवरून फिरवलेली केबल हा आकडा सहज ओलांडते. केबलच्या जॅकेटवर दर मीटरला आकडा छापलेला असतो, दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करा, मशीन लागत नाही. आणि विंग ते विंग उघड्यावरून तांब्याची केबल मुळात नकोच, विजेच्या कडकडाटात दोन्हीकडची उपकरणं जातात, तिथे फायबर टाका.

लांबी दाखवणारा टेस्टर आणि टोनर

लांबीवाला टेस्टर तारेत पल्स सोडतो आणि ती आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या साधारण ६५ ते ७० टक्के वेगाने जातो, हा आकडा केबलप्रमाणे बदलतो, म्हणून आधी त्याच बॉक्समधला मोजलेला तुकडा लावून सेटिंग जुळवा. मग तुटलेल्या तारेचं अंतर दोन्ही टोकांकडून घ्या. एकीकडून १८ आणि दुसरीकडून १४ आलं आणि केबल ३२ मीटरची आहे, तर हिशोब जुळला, आता पट्टीवरून मोजत त्या जागी जा. बहुतेक वेळा तिथे खिळा, उंदीर किंवा एसीवाल्याने मारलेलं भोक सापडतं.

टोनर डक्टमधली आपली केबल ओळखायला. जोडीच्या दोन्ही तारांना क्लिप लावली तर पिळामुळे आवाज कमी बाहेर येतो, त्यापेक्षा एक क्लिप एका जोडीच्या तारेला आणि दुसरी वेगळ्या जोडीच्या तारेला लावा, जास्त खणखणीत येतो. शेजारच्या केबलींवर पण थोडा टोन उतरतो, म्हणून जिथे सगळ्यात मोठा ऐकू येतो ती निवडा आणि कापायच्या आधी रिमोट लावून खात्री करा, दुसऱ्याच्या घरचं नेट बंद पाडू नका. खात्री झाली की लगेच दोन्ही टोकांना टॅग, फ्लॅट नंबर आणि तारीख.

पावसाळ्यातली तपासणी

बाहेरून गेलेली साधी पीव्हीसी केबल उन्हाने चिरते आणि जूनमध्ये त्या चिरेतून पाणी आत जातं. तार तुटलेली नसते त्यामुळे लाइट पास होतात, पण सिग्नल बिघडतो. अशी शंका असेल तर भर पावसात आणि दोन-तीन दिवस कोरडे गेल्यावर, दोन्ही वेळेला लिंक स्पीड बघून लिहून ठेवा. फरक असेल तर ती केबल वाळवून उपयोग नाही, बाहेरच्या वापरासाठी असलेली काळ्या जॅकेटची टाका आणि खिडकीतून आत घ्यायच्या आधी खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, भिंतीत येणार नाही.

फायबर असेल तर

आता बऱ्याच घरांत बाहेरून फायबर येते आणि लॅन टेस्टर तिथे चालत नाही. ओएनटीवर, म्हणजे फायबर ज्यात येऊन जोडते त्या डब्यावर, एलओएसची लाइट लाल लागली म्हणजे प्रकाश पोचत नाहीये. इथे प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लागतो, १४९० नॅनोमीटरवर ठेवायचा कारण जीपीओएनमध्ये (घरोघरी फायबर द्यायची पद्धत) घराकडे येणारा प्रकाश त्या तरंगलांबीचा असतो, परत जाणारा १३१० चा. मीटर नसेल तर बऱ्याच ओएनटीच्या सेटिंग पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे पोचणारा प्रकाश, दिसतो. नेहमीच्या ओएनटीला −८ ते −२७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) चालतं, पण −२५ च्या खाली गेलं की मी त्याला काठावर आहे असंच धरतो, आणि लक्षात ठेवा दर ३ डीबीला प्रकाश अर्धा होतो, म्हणजे −२० वरून −२६ म्हणजे पावच उरला.

आकडा वाईट आला तर आधी कनेक्टर स्वच्छ करा, फायबर क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कपड्याने, शर्टाने पुसू नका. हिरवा कनेक्टर हिरव्यालाच जोडा, निळा निळ्याला, हिरव्याचं टोक तिरपं घासलेलं असतं. कपाटामागे फायबर करकचून वाकलीय का बघा. लाल लेझरचा पेन असेल तर ओएनटीमधून काढलेल्या टोकातून सोडला की वाकलेल्या किंवा तुटलेल्या जागी लाल चमकतं. फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही बघायचं नाही, कंपनीचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण आत येत असतो, आणि लहान मुलं आसपास असतील तर टोकाला टोपी लावूनच ठेवा.

बाहेरचा स्प्लिटरचा (एक फायबर अनेक घरांत वाटणारा) डबा आपण उघडायचा नाही, तो कंपनीचा. त्यांना फोन करताना "नेट स्लो आहे" एवढंच न सांगता आरएक्स किती, आधी किती होता, लिंक १०० लागतंय की १०००, घरातली केबल आयओ ते आयओ तपासली आणि आठही नंबर ओळीने आले, हे सांगा, आणि तक्रार नंबर घेताना हेच त्यांना लिहून घ्यायला लावा.